नववीची चाळणी

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत एक मथळा ठरलेला असतो : 'यंदाही मुलींचीच बाजी'. खाली एकमेकींना पेढे भरवणाऱ्या मुली, शेजारी पदर सावरत उभ्या राहिलेल्या आया. हा मथळा वाचून आपल्याला आनंद होतो आणि तो व्हायलाच हवा. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईची मुलगी नव्वद टक्के मिळवते, यामागे किती जणींच्या किती वर्षांच्या झगड्याचा वाटा आहे हे या अंकाच्या वाचक मैत्रिणींना सांगायला नको. पण टक्केवारी म्हणजे भागाकार असतो, आणि भागाकारात खाली कोणता आकडा घेतला यावर उत्तर ठरते. परीक्षा मंडळ खाली घेते तो परीक्षेला बसलेल्या मुलींचा आकडा. जी बसलीच नाही ती पास नाही आणि नापासही नाही. ती त्या गणितातच नाही.

माझे काम शहराच्या कडेला वाढलेल्या वस्त्यांमध्ये आहे. तिथे दरवर्षी जून महिन्यात शाळांच्या दारांवर 'शंभर टक्के निकाल' असे फलक लागतात. फलक बघितला की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की आठवीत या शाळेच्या पटावर किती मुली होत्या? दहावीला किती बसल्या? मधल्या दोन वर्षांत ज्या कमी झाल्या त्या कुठे गेल्या? काही जणी गावी गेल्या, काहींची बदली झाली, हे खरे. पण उरलेल्या जणींच्या घरी जाऊन बसले की एक वाक्य पुन्हा पुन्हा कानावर येते : "तिला अभ्यास जमत नव्हता, म्हणून घरी बसवली."

अभ्यास 'न जमणाऱ्या' या मुलींबद्दल मला लिहायचे आहे. कुणाला अक्षरे ओळखता येतात पण शब्द लागत नाहीत, कुणाला कमी ऐकू येते, कुणाची समज सावकाश चालते, कुणाचे लक्ष एका जागी ठरत नाही. या सगळ्यांना सामावून घेणारी शाळा म्हणजे समावेशित शिक्षण, असे सरकारी कागदांवर आणि प्रशिक्षणाच्या पुस्तिकांत लिहिलेले असते. हा विषय 'अपंगांच्या संघटनांचा' आहे असे मानून स्त्रियांच्या संघटनांनी तो आजवर त्यांच्याकडेच सोपवला. माझे म्हणणे असे, की माध्यमिक शाळेपुरता तरी हा सरळसरळ बायकांचा प्रश्न आहे. कारण तिथून गुपचूप बाहेर पडते ती मुलगी आणि तिला आत टिकवण्याची किंमत मोजते ती तिची आई.

गळती नेमकी नववीतच का होते हे आधी पाहू. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी, म्हणजे पहिली ते आठवीपर्यंतचा आहे. मूळ कायद्यात आठवीपर्यंत नापास करण्याला बंदी होती. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला परीक्षा घेऊन मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली, महाराष्ट्राने २०२३ मध्ये ती स्वीकारली. तरीही आठवी पुरी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही, हे कलम शाबूत आहे. नववीत मात्र शाळेचा हात पहिल्यांदा मोकळा होतो. आणि पुढच्याच वर्षी बोर्डाची परीक्षा असते, फलकावर लिहायची टक्केवारी असते. त्यामुळे आठ वर्षे जिच्या वाचण्याकडे कुणी वळून पाहिले नाही, तिच्याकडे नववीच्या सहामाहीनंतर एकदम सगळ्यांचे लक्ष जाते.

मग पालकांना बोलावणे येते. येते ती बहुधा आईच. तिला सांगतात, "मुलगी दहावी निघणार नाही. दाखला घेऊन जा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरा." सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे बाहेरून परीक्षेला बसण्याची सोय. ही सोय मोलाची आहे. लग्नानंतर, दोन मुले झाल्यावर याच फॉर्मवर दहावी झालेल्या कितीतरी जणी आपल्या बचत गटांत आणि अंगणवाड्यांत आहेत. पण शाळा सुटलेल्या बाईला परत आत घेण्यासाठी ठेवलेले दार शाळेत बसलेल्या मुलीला बाहेर घालवण्यासाठी वापरले जाते, तेव्हा त्या दाराचा अर्थच उलटा होतो. जिला वर्गात बसून वाचता आले नाही, ती घरी बसून, पाणी भरून, धाकट्या भावंडांना सांभाळून एकटीने सहा विषयांचा अभ्यास करील असे शाळेला खरेच वाटते का? वाटत नाही. शाळेला फक्त तिचे नाव आपल्या यादीतून कमी करायचे असते.

आणि नाव कमी झालेल्या पंधरा वर्षांच्या मुलीचे आपल्याकडे पुढे काय होते, हे मी या अंकात सांगण्याची गरज नाही. बालविवाहावर आपण मोर्चे काढतो, पोलिसांना फोन करतो, मांडवात जाऊन उभ्या राहतो. मांडव पडायच्या आधी दीड-दोन वर्षे, नववीच्या एका दुपारी मुख्याध्यापकांच्या खोलीत त्याची तयारी झालेली असते, तिथे मात्र आपण नसतो.

या मुली इतकी वर्षे कुणाच्या नजरेत का येत नाहीत? मुलगा वाचू शकला नाही की तो खोड्या काढतो, बाकावर उभा राहतो, शेजारच्याला मारतो, वर्गातून पळतो. त्याच्या वागण्याचा त्रास होतो म्हणून का होईना, त्याच्यासाठी कुणाला तरी बोलवावे लागते. मुलगी मात्र खाली मान घालून बसते. फळ्यावरचे जसेच्या तसे, वळणदार अक्षरात उतरवून घेते. तिची वही तपासणाऱ्या बाई खाली 'सुवाच्य अक्षर' असा शेरा मारतात. आपण उतरवलेली ओळ तिला वाचता येत नाही, हे त्या वहीत कुठेच दिसत नाही. गप्प राहा, नीटनेटके राहा, त्रास देऊ नकोस, हे मुलीच्या जातीला जे शिकवलेले असते ते ती इतके चांगले शिकलेली असते की तिची अडचण त्याखाली झाकून जाते.

हे केवळ माझे वस्तीतले निरीक्षण नाही. १९९० मध्ये अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात सॅली शेविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास या विषयात प्रसिद्ध आहे. शाळांनी वाचनात अडचण असलेली म्हणून जी मुले शोधली होती त्यांत मुलींपेक्षा मुलगे कितीतरी जास्त होते. संशोधकांनी स्वतः सरसकट सगळ्या मुलांची चाचणी घेतली तेव्हा मुलगे आणि मुली यांच्यात म्हणण्यासारखा फरक उरला नाही. याचा अर्थ अडचण दोघांनाही होती, शाळेने शोधले ते मुलग्यांना. आपल्याकडे २००७ च्या 'तारे जमीं पर' या चित्रपटाने हा विषय घराघरांत नेला, त्याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. पण त्यातला नायकही मुलगाच आहे, शाळा पैसे भरून जायची आहे, आणि मुलांसाठी नोकरी सोडलेली आई त्यात इतकी सहज येऊन जाते की तिच्या नोकरीचे पुढे काय झाले हा प्रश्न प्रेक्षकाला पडतच नाही.

आपल्या भाषेत अभ्यासात मागे पडणाऱ्याला 'ढ' म्हणतात. ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत बाकीची अक्षरे बदलत गेली, 'ढ' मात्र जवळपास तसाच राहिला, म्हणून जो पुढे सरकत नाही तो ढ, असे त्याचे कारण सांगितले जाते. खरेखोटे विद्वानांनी ठरवावे. मला एवढेच म्हणायचे आहे, की न शिकण्याचा सगळा दोष शिकणाऱ्यावर टाकण्याची सोय आपल्या भाषेतच तयार आहे, शिकवण्याच्या दोषासाठी असा एका अक्षराचा शब्द नाही.

दुसरा गैरसमज असा, की लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे अध्ययन अक्षमता, हा इंग्रजी माध्यमाचा रोग आहे. मराठीत जसे बोलतो तसे लिहितो, मग अडचण येईलच कशी, असे चांगले शिकलेले लोकही विचारतात. त्यांनी एकदा नववीतल्या अशा मुलीशेजारी बसावे. 'किती' या शब्दातली पहिली वेलांटी लिहायची 'क'च्या आधी आणि उच्चारायची 'क'च्या नंतर. 'सूर्य' म्हणताना 'र' येतो 'य'च्या आधी, पण रफार चढतो 'य'च्या डोक्यावर. 'प्रकाश', 'ट्रक', 'सूर्य', 'दऱ्या' या चार शब्दांत एकच 'र' चार सोंगे घेऊन येतो. ज्या मुलीचा मेंदू अक्षर आणि आवाज यांची सांगड सावकाश घालतो, तिच्यासाठी इतिहासाच्या पुस्तकाचे एक पान म्हणजे अशा शेकडो कोड्यांची रांग असते. आणि नववीत तिला ती कोडी सोडवायला कुणी वेळ देत नाही, कारण वाचायला शिकवणे हे प्राथमिक शाळेचे काम, आणि ते झालेले आहे असे माध्यमिक शाळेने गृहीत धरलेले असते.

आकड्यांचे तेच. 'त्रेपन्न' म्हणताना कानावर आधी तीन पडतो, लिहायचा असतो आधी पाच. 'एकोणसाठ'मध्ये साठ ऐकू येतात आणि लिहायचे असतात पन्नास आणि नऊ. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असे वाचनही दिले होते. केवढा गदारोळ झाला! विधानसभेत नेत्यांच्या आडनावांवरून कोट्या झाल्या, मराठी भाषा बुडाली असे लेख आले. ज्येष्ठ गणितज्ञ मंगला नारळीकर जोडाक्षरांचा त्रास आणि लहान मुलांची सोय शांतपणे समजावून सांगत होत्या, पण ऐकण्याच्या मनःस्थितीत फारसे कुणी नव्हते. ज्या मुलांना पारंपरिक पद्धतीने संख्या लागतच नाहीत त्यांना या बदलाने काय मिळू शकते, हा मुद्दा त्या सगळ्या वादात जवळजवळ आलाच नाही. सगळ्यांना जमते तेच शिक्षण, आणि कुणासाठी वेगळा रस्ता काढला की ती दर्जाची घसरण, ही आपली समजूत किती खोल आहे ते तेव्हा दिसले.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगते, कारण शाळेशी बोलताना ते हाताशी लागते. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व होते, त्यात अध्ययन अक्षमता नव्हती. महाराष्ट्राने मात्र १९९६ पासूनच अशा मुलांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली होती, ही अभिमानाची गोष्ट आहे. जास्तीचा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एका भाषेतून सूट, अशा त्या सवलती. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात एकवीस प्रकार आहेत आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांत आहे. या कायद्याचे कलम ३१ म्हणते की चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि ते जवळच्या शाळेत घ्यायचे की विशेष शाळेत, ही निवड त्याची आहे. चौदा नव्हे, अठरा! म्हणजे नववी-दहावीची जी पोकळी शिक्षण हक्क कायद्याने ठेवली ती या मुलांपुरती भरून निघालेली आहे. पहिला कायदा मुख्याध्यापकांना पाठ असतो. दुसऱ्याचे नाव काढले की "ते अपंगांचे ना?" असे विचारतात.

याच कायद्याच्या कलम १६ मध्ये आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे मला विशेष लक्ष वेधायचे आहे. अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांत मुलांची अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखली जाईल आणि त्यावर योग्य उपाय होतील, हे सरकारने आणि स्थानिक संस्थांनी पाहायचे आहे. ओळखण्याची जबाबदारी व्यवस्थेची आहे. प्रत्यक्षात ती कुणावर येऊन पडते?

गेल्या वर्षी नववीत असलेली एक मुलगी. 'ड' तुकडीत. (हुशारीवरून तुकड्या पाडायच्या नाहीत असे सगळे म्हणतात आणि 'ड' तुकडीत कोण बसते हे सगळ्यांना माहीत असते.) वर्गशिक्षिका म्हणाल्या, "मुलगी गरीब आहे हो, काही त्रास नाही तिचा, पण डोक्यात काही शिरत नाही." ही 'डोक्यात काही न शिरणारी' मुलगी आईच्या भिशीतल्या वीस जणींचा हिशेब तोंडी ठेवत होती, कुणाचा कितवा हप्ता राहिला ते तारखेसकट सांगत होती. तिची आई मला म्हणाली, "ताई, हिला वाचता येत नाही हे मला ती तिसरीत होती तेव्हापासून ठाऊक आहे. पण सांगणार कुणाला? मलाच वाचता येत नाही, माझं कोण ऐकणार?"

प्रमाणपत्रासाठी फेऱ्या सुरू झाल्या. आधी शाळेचे पत्र हवे, ते मिळायला तीन आठवडे. मग डोळे, कान. मग बुद्ध्यांकाची चाचणी, तिची तारीख दीड महिन्यानंतरची. मग वाचन-लेखनाची चाचणी, ती पुन्हा दुसऱ्या दिवशी. या प्रत्येक फेरीला आईचा खाडा. एका घरच्या बाईंनी दोन खाडे समजून घेतले, तिसऱ्याला दुसरी बाई ठेवली. चाचणी घेणाऱ्या मॅडम वाईट नव्हत्या, त्यांच्या दाराबाहेर रोज जी रांग असते ती एका माणसाने उपसण्यासारखी नाहीच. आणि हे एकदाच करून भागत नाही. २०१८ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षानंतर मिळते, मग चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करायची. आठव्या वर्षी जिला कुणी पाहिलेच नाही तिच्या बाबतीत सगळेच चौदाव्या वर्षी सुरू होते, आणि तोवर नववी उजाडलेली असते.

घरात वेगळीच लढाई. वडिलांचे म्हणणे, "कागदावर एकदा ठप्पा बसला की तिचं लग्न कसं जमणार?" हे मी अनेक घरांत ऐकले आहे आणि ते फक्त मुलींच्या घरांत ऐकले आहे. मुलाच्या हातातले तेच प्रमाणपत्र म्हणजे दहावी निघण्याचा रस्ता असतो, पुढे नोकरीचा रस्ता असतो. मुलीच्या हातात ते आले की स्थळ आणणाऱ्यांपासून लपवायची गोष्ट होते. त्यामुळे जी सवलत कायद्याने दोघांना सारखी दिली आहे ती मागायला मुलीचे घर पुढेच येत नाही. या मुलीची आई मात्र हटली नाही. ती म्हणाली, "लग्नाचं नंतर बघू, आधी हिला बसची पाटी वाचता आली पाहिजे."

प्रमाणपत्र हातात पडले तेव्हा वार्षिक परीक्षा होऊन गेली होती. निकाल नापास. शाळेने दाखला न्यायला सांगितले, आम्ही कायद्याचे कलम घेऊन गेलो, बरीच बोलाचाली झाली. ती आज त्याच शाळेत आहे, पुन्हा नववीत, तिच्याहून वर्षाने लहान मुलींबरोबर. हे यश म्हणायचे की नाही, माझे मन अजून ठरत नाही.

शिक्षकांवर सगळे ढकलून मोकळे होणे मला पटत नाही. एका वर्गात साठ-सत्तर मुले, पस्तीस मिनिटांचा तास, संपवायचा अभ्यासक्रम, वर निवडणुकीची आणि सर्वेक्षणांची कामे. माध्यमिक शिक्षिका विषयाची पदवी घेऊन आलेली असते. तिला भूगोल शिकवता येतो, चौदा वर्षांच्या मुलीला वाचायला कसे शिकवावे हे तिला कुणी शिकवलेले नसते. त्यासाठी विशेष शिक्षक लागतात. रजनीश कुमार पांडे यांच्या याचिकेवर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. प्राथमिकला दहा आणि त्यापुढच्या टप्प्यांना पंधरा विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक विशेष शिक्षक, हे प्रमाण त्यात आहे. आमच्या भागात विशेष शिक्षिका कुणी पाहिली का, असे विचारले तर पालक म्हणतात, "एक बाई यायच्या मध्ये, स्कूटरवरून." त्या कंत्राटी होत्या आणि त्यांच्याकडे कितीतरी शाळा होत्या. आपल्या मुलींच्या शिक्षणाचा सगळ्यात नाजूक भाग अशा बाईच्या भरवशावर आहे जिला स्वतःच्याच नोकरीचा भरवसा नाही, हाही बायकांचाच प्रश्न आहे.

कुणी म्हणेल, विशेष शाळा आहेतच की. आहेत, आणि महाराष्ट्रात त्यांची परंपरा मोठी आहे. पालकांनी स्वतःच्या खिशातून उभ्या केलेल्या संस्था आहेत, त्यांचा अधिक्षेप मी करणार नाही. ज्या मुलांना त्या हव्या आहेत त्यांच्यासाठी त्या टिकल्याच पाहिजेत. पण त्या शहरात असतात, लांब असतात, आणि वयात आलेल्या मुलीला रोज दोन बस बदलून किंवा वसतिगृहात ठेवून पाठवायला घर तयार होत नाही. जवळच्या शाळेत जागा नाही आणि लांबच्या शाळेत पाठवत नाहीत, म्हणजे ती घरीच.

इथे एक जुनी गोष्ट आठवते, ती मी प्रत्यक्ष पाहिलेली नाही, मोठ्या मैत्रिणींकडून आणि पुस्तकांतून ऐकली-वाचली. १९९४ साली शिरूरच्या सरकारी गृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्यात शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. (मतिमंद हा तेव्हाचा शब्द, आज आपण बौद्धिक अक्षमता म्हणतो.) या मुलींना पाळीची स्वच्छता राखता येत नाही, हे कारण देण्यात आले होते. स्त्रियांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या, देशभर आवाज उठला आणि पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. त्या वेळी संघटनांनी विचारलेला प्रश्न साधा होता : या मुलींना शिकवायला, सांभाळायला पुरेशी माणसे नेमली नाहीत, तो दोष तुमचा, मग कात्री त्यांच्या शरीराला का?

तोच प्रश्न शाळेच्या दारात उभे राहून विचारायचा आहे. बौद्धिक अक्षमता असलेली मुलगी पाळी सुरू झाली की शाळेतून काढली जाते, हे आजही घडते. शाळा म्हणते आमच्याकडे मदतनीस नाही, आई म्हणते शाळेच्या संडासाला कडी नाही, आणि दोघीही खरे बोलत असतात. शस्त्रक्रिया कुणी करत नाही, तिला नुसती घरी ठेवतात. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या मुलींना दरमहा दोनशे रुपये विद्यावेतन आहे, वर्षातले दहा महिने. २००९ साली माध्यमिक शाळांसाठी दिव्यांगांच्या समावेशित शिक्षणाची केंद्राची योजना आली तेव्हाही ते दोनशेच होते. त्या दोनशे रुपयांत मुलीला शाळेत सोडणारी रिक्षा महिन्यातून किती दिवस येईल, हा हिशेब कुणीही करू शकेल, भिशीवाली ती मुलगी तर तोंडी करील.

मग आपण काय करायचे? मोठी योजना माझ्याकडे नाही. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत असे म्हटले आहे. आपल्या बचत गटांतल्या कितीतरी जणी या समित्यांवर आहेत आणि त्यांच्या सह्या घरपोच घेतल्या जातात. त्यांनी सही करण्याआधी एक विचारावे : आठवीच्या वर्गात वाचू न शकणाऱ्या मुली कोण आहेत आणि त्यांच्यासाठी काय चालले आहे? तपासणी दवाखान्यात रांगा लावून नको, शाळेत किंवा तालुक्याला शिबिर लावून व्हावी, आणि ती मराठीतून व्हावी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली भारतीय भाषांसाठीची चाचणी मराठीतही आहे, म्हणजे साधन नाही हे कारण चालणार नाही. घरकामगार संघटनांनी मुलांच्या तपासणीच्या दिवसाचा खाडा कापू नये ही मागणी आपल्या यादीत घ्यावी. लेखनिक शोधण्याचे काम बहुतेक वेळा पालकांवरच पडते, तिथे आपल्या गटातल्या नववीतल्या मुली उपयोगी पडू शकतात, मात्र आधी शाळेमार्फत मंडळाची परवानगी घ्यावी लागते, हे ऑक्टोबरमध्येच लक्षात ठेवावे, फेब्रुवारीत नव्हे. आणि सतरा नंबरचा फॉर्म भरा असे शाळेने सांगितले तर ते लेखी मागावे. लेखी मागितले की बऱ्याचदा सूर बदलतो, असा अनुभव आहे.

आम्ही या जूनपासून एक छोटी गोष्ट सुरू केली आहे. आमच्या वस्तीतल्या मुली ज्या तीन माध्यमिक शाळांत जातात, तिथे दोन वर्षांपूर्वीचा आठवीचा पट आणि यंदाची दहावीच्या परीक्षेची यादी मागितली. दोन्ही शेजारी ठेवायच्या आणि ज्या मुलींची नावे दुसऱ्या यादीत नाहीत त्यांच्या घरी जायचे, एवढेच. एका शाळेने दोन दिवसांत दिला. बाकीच्या दोघांनी माहितीच्या अधिकारात अर्ज करा म्हणून सांगितले, तो केला आहे. पहिल्या शाळेच्या यादीत अकरा नावे कमी भरली. चार घरे झाली, सात राहिली आहेत.